आरएक्स, खल आणि सापाचा वाडगा: औषधाच्या दुकानावरच्या खुणा कुठून आल्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेडिकलच्या पाटीवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आरएक्स, खलबत्ता, वाडग्याला वेढा घातलेला साप, हिरवा क्रॉस अशा खुणा दिसतात. त्या कुठून आल्या? आरएक्स म्हणजे इजिप्तमधल्या होरस देवाचा डोळा, हे खरे का? आणि औषध तयार करणारा माणूस वैद्यापासून वेगळा कधी झाला?

आधी आरएक्स घेतो, कारण सगळ्यात जास्त भाकडकथा त्याच्याभोवती जमल्या आहेत.

त्या चिन्हात मुळात एक्स नाहीच. रोमन लिपीतला आर आहे आणि त्याच्या उजव्या तिरक्या पायावर एक काट मारलेली आहे. छपाईच्या सोयीसाठी आरला एक्स जोडून छापू लागले आणि लोकही तसेच वाचू लागले. हा आर लॅटिनमधल्या ‘रेसिपे’ या शब्दाचा. अर्थ ‘घे’. ही आज्ञा रोग्याला नाही, औषध बनवणाऱ्याला आहे: अमुक इतके घे, तमुक इतके घे. स्वयंपाकाची रेसिपी ती हीच.

काट का मारली? मध्ययुगात चर्मपत्र महाग होते, म्हणून लेखनिक शब्द तोडून लिहीत आणि तोडल्याची खूण म्हणून अक्षराला काट देत. आपल्याकडे मोडी कागदांत परगणे लिहायचे तर नुसते ‘प॥’ आणि मुक्काम लिहायचे तर ‘मु॥’ लिहीत, त्यातला प्रकार. याला पक्का आधार म्हणजे चर्चची जुनी लॅटिन प्रार्थनापुस्तके. तिथे पाद्रीच्या ओळीला मंडळींनी जे प्रत्युत्तर द्यायचे, त्यापुढेही काट मारलेला हाच आर असतो, कारण ‘रेस्पॉन्सोरियम’ या शब्दाची सुरुवातही आरने होते. होरसच्या डोळ्याचे चिन्ह असते तर प्रार्थनापुस्तकात ते कशाला आले असते? आरएक्स म्हणजे गुरू ग्रहाचे चिन्ह, ही कथाही अशीच. आकार थोडाफार जुळतो एवढ्यावर ती उभी आहे. इजिप्तची चित्रलिपी ते युरोपातली चिठ्ठी असा दुवा दाखवणारी मधली हस्तलिखिते कुणी पुढे ठेवलेली नाहीत. त्यामुळे ‘रेसिपे’ हेच उत्तर मी बरोबर मानतो.

आता या चिन्हाखाली जी चिठ्ठी असे, ती नीट पाहू. तिचे चार भाग. वर आरएक्स, म्हणजे ‘घे’. त्याखाली घटक आणि त्यांची वजने. मग बनवणाऱ्याला सूचना: ‘मिस्के’ म्हणजे मिसळ, ‘फियात मिस्तुरा’ म्हणजे याचे मिक्श्चर होऊ दे. शेवटी ‘सिग्ना’, म्हणजे बाटलीवर रोग्यासाठी काय लिहायचे ते. कंपाउंडर हा शब्द आपल्या गावोगावी रुळला तो या तिसऱ्या भागामुळे. एक नमुना घेऊ. सोडा बायकार्ब १० ग्रेन, रेवंदचिनीची पूड ५ ग्रेन, अमोनियाचे सुगंधी स्पिरिट १५ मिनिम, आणि पेपरमिंटचे पाणी घालून एक औंस भरायचे. (ग्रेन हे जुने वजन, मिनिम हे द्रवाचे थेंबभर माप, आणि इथला औंस द्रवाचा.) अशा ६ मात्रा, जेवणानंतर दिवसातून ३ वेळा.

६ मात्रांना सोडा ६० ग्रेन, म्हणजे एक ड्रॅम, म्हणजे जवळजवळ ३.९ ग्रॅम. रेवंदचिनी ३० ग्रेन, सुमारे १.९५ ग्रॅम. स्पिरिट ९० मिनिम, सुमारे ५.३ मिली. एकूण ६ औंस म्हणजे १७० मिली. रेवंदचिनी आणि सोडा खलात एकत्र घोटायचे, त्यात पेपरमिंटचे पाणी आधी थोडेच घालून गुळगुळीत लगदा करायचा. एकदम पाणी ओतले की पुडीच्या गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत. लगदा पातळ करत एकूण मापाच्या पाऊणपर्यंत आणायचा, मलमलीतून मोजपात्रात गाळायचा, त्यानंतर स्पिरिट घालायचे. ते शेवटाला घालायचे, कारण अमोनिया उडून जातो. मग पाण्याने ६ औंसांची रेघ गाठायची. आधीच ६ औंस पाणी भरून वर स्पिरिट घातले, तर माप वाढते आणि प्रत्येक मात्रा फिकी होते. रेवंदचिनी अल्कलीत तांबूस होते, त्यामुळे मिक्श्चर लालसर तपकिरी दिसते. ते बिघडलेले नसते.

रेवंदचिनीची पूड विरघळत नाही, तळाला बसते. म्हणून ‘हलवून घ्या’ हे लेबल. ते लावायचे राहिले तर पहिल्या मात्रेत रेवंदचिनी जवळजवळ जातच नाही आणि शेवटच्या मात्रेत सगळी जाते, म्हणजे जुलाब. बाटलीच्या पाठीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली अनेकांना आठवत असेल. औषधाच्या पातळीपासून तळापर्यंतची लांबी घ्यायची, त्या लांबीची पट्टी मात्रांच्या संख्येइतक्या सारख्या घड्यांत दुमडायची, कडेचे कोपरे कात्रीने छाटायचे आणि उलगडून चिकटवायची. पट्टी बाटलीच्या सरळ अंगावरच बसली पाहिजे. गळ्याकडच्या निमुळत्या भागावर चढली की वरच्या खाचेत कमी औषध मावते आणि पहिली मात्रा लहान पडते.

हे वजनांचे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण या शास्त्राचा सगळा इतिहास वजनाभोवती फिरतो. २० ग्रेनचा एक स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा एक ड्रॅम, ८ ड्रॅमचा एक औंस, १२ औंसांचा एक पौंड. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आजच्या हिशेबात ६४.८ मिलिग्रॅम. आपल्याकडेही तेच. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आणि गुंज हेही बीच. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्या हिशेबाने गुंज १२१.५ मिलिग्रॅम. आजच्या आयुर्वेदीय योगसंग्रहात सोयीसाठी गुंज १२५ मिलिग्रॅम आणि तोळा १२ ग्रॅम धरतात. जुन्या घरगुती नोंदवहीतला योग आजच्या तराजूवर करताना यातले कोणते माप धरले आहे ते आधी ठरवावे, आणि एकाच योगात दोन्ही मापे मिसळू नयेत.

ड्रॅमचे चिन्ह आपल्या देवनागरी ३ सारखे दिसे, आणि औंसाचे चिन्ह म्हणजे त्याच ३ च्या डोक्यावर एक जादा वळण. घाईत काढलेले ते वळण वाचताना सुटले किंवा नसताना दिसले, की आठपट फरक. ग्रेन आणि ग्रॅम यांची लघुरूपे एकमेकांत मिसळली की पंधरापट. हे धोके पुस्तकी नव्हते, मेट्रिक मापे येण्याला त्यांचाही हात आहे. लॅटिन लघुरूपे मात्र अजून चिठ्ठीवर आहेत. बीडी दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना, एसओएस गरज पडल्यास. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत तीच अक्षरे उजवा डोळा दाखवतात. परदेशातून आलेली चिठ्ठी वाचताना हे लक्षात ठेवावे, विशेषतः डोळ्याच्या थेंबांच्या बाबतीत. २००४ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने काही लघुरूपे वर्ज्य ठरवली. त्यात युनिटऐवजी लिहिलेला नुसता ‘यू’ आहे, कारण तो शून्यासारखा वाचला जातो आणि इन्सुलिन दहापट जाते. १.० मधले मागचे शून्य आहे, कारण टिंब पुसट असले की १० होतात. आणि शून्याशिवाय लिहिलेले .५ आहे, कारण तेच टिंब गेले की ५ होतात.

जुनी वजने अजून आपल्या हातात आहेत, फक्त ओळखू येत नाहीत. पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही विचित्र संख्या का? ३०० किंवा ३५० का नाही? कारण ५ ग्रेन म्हणजे ३२४ मिलिग्रॅम. ॲस्पिरिनची जुनी गोळी ५ ग्रेनची होती, तिचेच माप ३२५ म्हणून राहिले. फेनोबार्बिटोनच्या ३० आणि ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या म्हणजे अर्धा आणि एक ग्रेन.

मराठीत औषधाच्या मापाला मात्रा म्हणतात आणि औषधालाही मात्राच म्हणतात. ‘मात्रा लागू पडली’ असे आपण सहज बोलतो. माप आणि औषध एकच, हे भाषेने धरून ठेवले आहे. घरात बाळघुटी देताना सहाणेवर वेखंडाचा एक वळसा, बाळहिरड्याचे दोन, मायफळाचा अर्धा, असे मोजतात. तेही मापच, फक्त त्यात हाताचा दाब, सहाणेचा खरखरीतपणा आणि पाणी किती घेतले यांवर पदार्थ कमीजास्त उतरतो. एकाच घरात आजीचा वळसा आणि आईचा वळसा सारखा नसतो. वळशाचे वजन झाले की औषधनिर्माणशास्त्र सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून उगम शोधताना मी आधी एवढेच पाहतो की माप लिहिले आहे का. इराकमधल्या निप्पूर या प्राचीन सुमेरी नगरात सापडलेली मातीची पाटी इसवी सनापूर्वी सुमारे २१०० ची. ज्ञात असलेल्या सगळ्यात जुन्या औषधकृतींपैकी ही. तीत डझनाहून अधिक कृती आहेत. मीठ, सोरा, दूध, सापाची कात, कासवाची पाठ, ओवाकुळातल्या आणि इतर वनस्पती, बिअरमध्ये कालवून घ्यायच्या पुडी. मंत्रतंत्र नाही, सरळ कृती आहेत. पण वजने नाहीत. कुठला पदार्थ किती, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात राहिले आणि त्याच्याबरोबर गेले. इजिप्तमधला एबर्स पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १५५० चा, लांबीला २० मीटरच्या आसपास, आज जर्मनीत लाइपझिगला आहे. त्यात ८०० हून अधिक नोंदी आहेत आणि पुष्कळ ठिकाणी मापेही आहेत. मंत्रही आहेत, पण मापे आली हे मोठे पाऊल.

आपल्याकडे चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. द्रव्याचे चार गुण दिले आहेत. ते मुबलक मिळावे, रोगाला योग्य असावे, त्याचे अनेक कल्प, म्हणजे औषधाचे प्रकार, करता यावेत आणि ते आपल्या गुणांनी भरलेले असावे. आजच्या गुणवत्ता नियंत्रणाच्या टिपणात याहून वेगळे काय असते? स्वरस (ताजा रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (काढा), शीत (थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क) आणि फांट (गरम पाण्यात भिजवून काढलेला) हे पाच मूळ कल्प. मध्ययुगातला आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर याने क्वाथाचे माप दिले: एक पल भरड द्रव्य, सोळापट पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. पल ४८ ग्रॅम धरला तर पाणी ७६८ मिली आणि उरलेला काढा ९६ मिली.

घरोघरी काढा बिघडतो तो तीन ठिकाणी. द्रव्य वस्त्रगाळ पूड करून टाकतात. ती तळाला बसून करपते आणि फडक्यातूनही गळत नाही, म्हणून भरडच घ्यायची. आच मोठी ठेवतात, पाणी लवकर उडते, पण द्रव्याचा अर्क पुरेसा उतरलेला नसतो. आणि झाकण ठेवतात, मग पाणी आटत नाही आणि आठव्या हिश्शाचा अंदाज चुकतो. भांड्यात आधी ९६ मिली पाणी ओतून लाकडी काडीवर खूण करून घ्यावी आणि त्या खुणेपर्यंत आटवावे. यापेक्षा सोपी युक्ती नाही.

पण वैद्य आणि औषध बनवणारा या दोन कामांची फारकत इथे कायद्याने झाली नाही. वैद्य स्वतःच औषध करी किंवा आपल्या देखरेखीखाली करवून घेई. कच्चा माल गंधी आणि अत्तार यांच्याकडून येई. फारकत स्पष्ट दिसते ती बगदादमध्ये. ८व्या-९व्या शतकांत तिथे औषधांची वेगळी दुकाने होती, ९व्या शतकात साबूर इब्न सहल याने रुग्णालयांत आणि दुकानांत वापरायचा योगसंग्रह लिहिला, ११व्या शतकात अल्-बिरूनीने औषधे ओळखणाऱ्याचे शास्त्र वैद्यकापासून वेगळे मांडले. बाजारावर नजर ठेवणारा मुहतसिब भेसळ तपासत असे. या परंपरेचे शब्द आपल्या तोंडी आहेत. अर्क तिथला. सरबत तिथलेच, आणि त्याच मुळापासून युरोपात गेलेला सिरप इंग्रजांबरोबर परत आला. महाराष्ट्रात अत्तार हे आडनाव आहे, ते मूळचे सुगंधी द्रव्ये आणि औषधे विकणाऱ्याचे नाव.

युरोपात फारकत कायद्याने केली ती सिसिलीचा राजा आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक याने. १२३१ साली मेल्फी येथे त्याची कायदेसंहिता निघाली आणि १२४० च्या सुमारास तिच्यात वैद्यकावरची कलमे वाढली. वैद्याने औषधाचे दुकान चालवायचे नाही. वैद्य आणि औषध करणारा यांनी भागीदारी करायची नाही. औषध ठरलेल्या कृतीनेच करायचे, त्याची शपथ घ्यायची, दर सरकारने ठरवायचे आणि तपासणी होणार. तुम्ही विचारलेल्या ‘कधी’चे सगळ्यात नेमके उत्तर हेच. यामागचा विचार अगदी व्यवहारी आहे. लिहिणाऱ्याला विक्रीतून फायदा होत असेल तर तो जास्त लिहील. आणि लिहिणारा व बनवणारा वेगळे असले, तर दुसरा पहिल्याची चूक पकडू शकतो. आजही चिठ्ठीवरची मात्रा खटकली की फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करणे हा त्याच्या कामाचा गाभा आहे. तो काउंटरवर नुसते खोके काढून देत असेल, तर आठशे वर्षांपूर्वी केलेली ती सोय फुकट जाते.

पुढे ‘सगळ्यांनी एकाच कृतीने करा’ असे सांगणारी अधिकृत पुस्तके आली. फ्लॉरेन्स १४९८, न्युरेंबर्ग १५४६, लंडन १६१८. त्याच्या एक वर्ष आधी, १६१७ मध्ये, लंडनचे औषध करणारे किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाले होते. अधिकृत पुस्तकात आले म्हणजे औषध चांगलेच, असे मात्र नव्हे. थेरियाक नावाचे औषध साठाहून अधिक घटकांचे, त्यात सापाचे मांस आणि अफू, आणि सगळ्या विषांवर उतारा म्हणून त्याची ख्याती. व्हेनिसमध्ये ते भर चौकात लोकांसमोर बनवत, जेणेकरून घटकांत लबाडी होऊ नये. घटक खरे होते, कृती काटेकोर होती, फक्त औषध उतारा नव्हते. विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने १७४५ साली त्यावर टीका लिहिली आणि लंडनच्या १७८८ च्या आवृत्तीतून ते गेले.

गोव्याचा इथे मान मोठा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी द्रव्यांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तोमे पिरेस, ज्याने मलाक्का आणि पूर्वेकडच्या व्यापाराची तपशीलवार नोंद केली, तो पेशाने औषध करणाराच होता. १८४२ मध्ये गोव्यात वैद्यकीय शाळा निघाली आणि तिच्यात औषधनिर्माणाचा अभ्यासक्रम होता. गोव्यातल्या जुन्या दुकानांवर ‘फार्मासिया’ दिसते ते याच वारशामुळे.

१९व्या शतकात खरी उलथापालथ झाली. अफूच्या एका ड्रॅममध्ये गुणकारी अंश किती, हे झाडावर, मातीवर, हंगामावर ठरे. तराजू कितीही अचूक असो, मात्रा अंदाजाचीच. सेर्ट्युर्नरने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे केले, पेल्तिए आणि कावाँतू यांनी १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. आता वजन हे खरोखर औषधाचे वजन झाले. १८४३ मध्ये विल्यम ब्रॉकेडन याने साच्यात दाब देऊन गोळी पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच पेटंटमध्ये पेन्सिलीच्या शिशाचाही उल्लेख आहे. इथून खलाचे काम कारखान्याकडे जाऊ लागले.

खल मात्र पाटीवर राहिला, आणि ते योग्यच आहे. पितळी खलात आम्ल पदार्थ घोटला तर तांबे उतरते. लोखंडी खल टणक मुळांसाठी चांगला, पण हिरड्यासारख्या तुरट द्रव्याला काळे करतो. आयोडीन किंवा मिथिलीन ब्लू यांसारखे डाग पाडणारे पदार्थ काचेच्या खलात घ्यावेत, कारण चिनी मातीच्या बारीक छिद्रांत रंग बसतो तो पुढच्या औषधात उतरतो. थोडेसे तीव्र औषध भरपूर साखरेत मिसळायचे असेल तर दोन्ही एकदम टाकू नयेत. औषधाइतकीच साखर घालून घोटावे, मग जेवढे झाले तेवढी आणखी, असे दुप्पट करत जावे. नाहीतर एका पुडीत सगळे औषध आणि बाकीच्यांत नुसती साखर जाते. पोटॅशियम क्लोरेट साखरेबरोबर किंवा गंधकाबरोबर खलात कधीही घोटू नये, भडका उडतो.

आणि एक गंमत पाहण्यासारखी आहे. भीमसेनी नव्हे, साधा कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे, घन पदार्थ समभाग खलात घ्या. दोन-चार वेळा बत्ता फिरला की कडा ओलसर होतात, मग खडे एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता खलात स्वच्छ तेलासारखा द्रव उरतो. हीच अमृतधारा. पाण्याचा थेंब घातलेला नसतो. मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येक घटकाच्या वितळणबिंदूपेक्षा खाली, खोलीच्या तापमानाखाली जातो, म्हणून हे होते. म्हणूनच हे पदार्थ पुडीत एकत्र द्यायचे असतील तर प्रत्येक वेगळा शोषक पुडीत घोळवून मग हलक्या हाताने मिसळतात, नाहीतर रोग्याच्या घरी पोचेपर्यंत कागद भिजतो. अमृतधारा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. कापूर थोडासा पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात.

आता साप. इथे घोळ फार आहे. एका काठीला एक साप म्हणजे ग्रीक वैद्यदेव अस्क्लेपियसची काठी, ही वैद्यकाची खूण. त्याची मुलगी हायजिया, आरोग्याची देवी. तिचा वाडगा आणि त्याला वेढा घातलेला साप ही औषधनिर्माणाची खूण. १७९६ साली पॅरिसच्या फार्मसी सोसायटीसाठी पाडलेल्या नाण्यावर ती आढळते. दोन साप, वर पंख, ही हर्मीसची काठी. तो व्यापाऱ्यांचा, वाटसरूंचा आणि चोरांचाही देव. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये ती खूण घेतली आणि तिथून ती जगभरच्या दवाखान्यांवर पसरली.

साप वाडग्यात विष सोडतो आणि त्याचे औषध होते, असे हल्ली सांगतात. जुन्या शिल्पांत उलटे आहे. हायजिया हातातल्या उथळ ताटलीतून सापाला पाजते आहे. आणि तो साप विषारी नाही. अस्क्लेपियसच्या नावाने ओळखला जाणारा दक्षिण युरोपातला साप आपल्या धामणीच्या जवळचा, बिनविषारी आहे. आपल्याकडे पाटी रंगवणारे हौसेने फणा काढतात, ते चूक आहे. ग्रीक भाषेत मात्र ‘फार्माकॉन’ या शब्दाचा अर्थ औषध, विष आणि मंत्रौषध असा तिन्ही होता. फरक मात्रेचा. आपली स्वतःची खूण हवी असेल तर धन्वंतरीच्या हातातला कलश आहेच. चतुर्भुज मूर्तीत अनेकदा एका हातात जळूही असते.

हिरव्या क्रॉसचे कारण कायदेशीर आहे. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस हे १८६४ च्या जिनिव्हा करारातून आलेले युद्धातल्या वैद्यकीय सेवेचे संरक्षणचिन्ह. ते कुणीही दुकानावर लावू लागले तर रणांगणावर त्याची किंमत राहणार नाही, म्हणून २०व्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या खासगी वापरावर बंदी आली आणि फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांनी रंग बदलून हिरवा घेतला. जर्मनीत तांबडा ‘ए’ आणि त्यात वाडगा-साप, नेदरलँड्समध्ये जीभ बाहेर काढून आ वासलेले लाकडी डोके, इंग्लंडमध्ये खिडकीत रंगीत पाण्याच्या मोठ्या बरण्या. त्यातला गर्द निळा रंग मोरचुदाच्या द्रावणात जास्तीचा अमोनिया घालून करत.

शेवटी आपल्या पाटीचे बोलू. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३१ मध्ये औषधविक्रीची दुरवस्था मांडली. त्यातून १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. नियम ६५ प्रमाणे पाटीवरचा शब्दसुद्धा मनाने लिहिता येत नाही. नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नसलेल्या परवान्याला ‘ड्रगस्टोअर’. फार्मासिस्ट आहे पण औषध स्वतः तयार करत नाहीत, त्यांना ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’. ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ हे शब्द फक्त जिथे चिठ्ठीबरहुकूम औषध बनवण्याची सोय आहे त्यांना. नवी पाटी करून घेताना बहुतेक जण इथेच चुकतात, कारण ‘फार्मसी’ शब्द दिसायला बरा वाटतो.

आरएक्स आता गोळ्यांच्या पट्टीवरही आहे, आणि तिथे ती सजावट नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यात नुसते आरएक्स असले तर औषध शेड्यूल एच या नियमांतल्या यादीतले, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. तेच लाल रंगात असेल तर एच१, ज्यात कित्येक प्रतिजैविके आणि टीबीची औषधे येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि नग लिहून ती वही ३ वर्षे जपायची. आरएक्सच्या आधी आणखी एक एक्स लागला तर शेड्यूल एक्स, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात २ वर्षे. आरएक्सच्या आधी एन असेल तर ते औषध अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते.

पाटी रंगवायला देताना रंगाऱ्याच्या हातात चित्र द्यावे, तोंडी सांगू नये: एक साप, फणा नाही, पंख नाहीत, काठीऐवजी वाडगा, सापाचे तोंड वाडग्याच्या काठावर. क्रॉस हवा असेल तर हिरवा. तांबडा क्रॉस १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने आपल्याकडेही वर्ज्य आहे. आरएक्स काढताना आरच्या पायावर फक्त काट द्यावी. आणि पाटीवरचा शब्द परवान्यावर असेल तोच, अक्षरशः तसाच लिहावा.